आजाऱ्यास धीर कसा द्यावा? धाडस व सावधगिरी ह्यांविषयी एक पाठ

शास्त्रपाठ : फिलिप्पैकरांस २:२५–३०, लूक ४:९–१२, २ तीमथ्य ४:२०

शिरूर व दौंड तालुक्यांतील आपल्या मंडळ्यांत सेवा करणाऱ्या उपदेशक बंधुभगिनींस ज्या घराचा उंबरठा ओलांडणे सर्वांत जड जाते, ते घर म्हणजे भारी दुखणाइताचे होय. तेथे दोन प्रश्न एकदमच पुढे उभे राहतात. दुखणाइताशी बोलावे काय? आणि त्याच्याजवळ जावे किती? पहिल्यात चूक झाली तर खचलेला मनुष्य अधिकच खचतो. दुसऱ्यात चूक झाली तर एक प्रीती तरी आटते, नाही तर घरची पोरेबाळे आजारास बळी पडतात. म्हणून ह्या दोन्ही प्रश्नांचा शास्त्राच्या प्रकाशात विचार करू.

१. दुखणे हे अविश्वासाचे चिन्ह नव्हे.

एपफ्रदीत प्रभूच्या कामात असताच मरणाच्या दारी पोहोचला. पौलाने त्यास दोष दिला नाही. उलट अशा माणसांचा मान राखावा असे मंडळीस कळविले. त्रफिमास तर पौलाला मिलेत येथे आजारीच सोडून पुढे जावे लागले. प्रेषिताच्या सोबत्याचेही दुखणे प्रत्येक वेळी हटले नाही. तेव्हा खाटेवर पडलेल्या मनुष्यास “तुमचा विश्वास कमी पडला” असे म्हणण्याचा अधिकार आपणांस कोठून आला? तसेच “तुम्ही खचित बरे होणार” असे वचनही आपल्या पदरचे देऊ नये. धीर देणे निराळे व हमी देणे निराळे. देव सोडून जात नाही आणि मंडळीही सोडून जाणार नाही, एवढे आपण निश्चयाने सांगू शकतो. पुढे ते कृतीने खरे करून दाखवावे लागते.

ईयोबाचे मित्र सात दिवस त्याच्याजवळ मुकाट्याने बसले, तोवर त्यांनी उत्तम केले. ते दुखण्याचे कारण सांगू लागले, तेथेच बिघडले.

२. औषध हे प्रार्थनेचे वैरी नव्हे.

हिज्कीया राजाने अश्रू ढाळून प्रार्थना केली व देवाने ती ऐकली, तरी गळवावर अंजिरांचा लेप लावण्यास यशयाने सांगितले. शोमरोनी मनुष्याने जखमांवर तेल व द्राक्षारस ओतला. म्हणून प्रार्थना करून उठताना “औषध वेळेवर घेता ना?” हे विचारणे उपदेशकाच्या कामापैकीच आहे.

३. देवाची परीक्षा पाहणे आणि जीव पणास लावणे.

सैतानाने प्रभूस मंदिराच्या शिखरावरून उडी टाकावयास सांगितले आणि त्यास शास्त्राचा आधारही दाखविला. प्रभूने नकार दिला, कारण त्या उडीने कोणाचेही भले होणार नव्हते. एपफ्रदीताने मात्र जीव धोक्यात घातला, आणि ते स्तुत्य ठरले. दोहोंतील भेद ओळखण्यास तीन प्रश्न विचारावे : ह्या धोक्याने कोणाचे खरोखर हित होते काय? तेच हित कमी धोक्याने साधेल काय? आणि पणास लागणारा जीव माझा आहे, की दुसऱ्याचा?

इ. स. १८९७ साली पुण्यात प्लेगाचा कहर झाला. सावित्रीबाई फुले ह्यांचे पुत्र डॉ. यशवंत ह्यांनी गावाबाहेर दवाखाना उघडला. मुंढवे येथील एक मुलगा प्लेगाने पडला असता सावित्रीबाईंनी त्यास पाठीवर घेऊन दवाखान्यात पोहोचविले. मुलगा वाचला, सावित्रीबाईंस प्लेग होऊन १० मार्च १८९७ रोजी त्यांचा अंत झाला. मुंढव्याजवळून वाहणारी मुळा-मुठा पुढे आपल्याच भागात भीमेस मिळते. इतकी ही गोष्ट आपल्या जवळची आहे. त्याच वर्षी १० जानेवारीस मुंबईत डॉ. हाफकिन ह्यांनी आपण तयार केलेली प्लेगाची लस प्रथम स्वतःच्या अंगात टोचून घेतली. दोघांनीही प्रथम स्वतःचा जीव पुढे केला.

परंतु एक गोष्ट ध्यानात ठेवावी. प्लेग पिसवांनी पसरतो, हे सिमोन ह्या फ्रेंच डॉक्टरांनी १८९८ साली कराचीत दाखविले. सावित्रीबाईंच्या काळी ते कोणास ठाऊक नव्हते. आज आजार कसा पसरतो हे आपणांस पुष्कळ कळते. ज्यास अधिक कळते त्याचा जबाबही अधिक. जाणूनबुजून केलेली बेपर्वाई विश्वासात जमा होत नाही.

४. क्षयरोग्याच्या घरी.

क्षय हवेतून पसरतो. ताट, कपडे किंवा हात हाती घेण्याने नव्हे. म्हणून क्षयरोग्याचे भांडे निराळे काढणे ही सावधगिरी नसून अपमान आहे. ओसरीत किंवा झाडाखाली मोकळ्या हवेत बसावे, दुखणाइताने तोंडावर मास्क किंवा फडके धरावे, ही खरी सावधगिरी. योग्य औषध सुरू झाल्यावर संसर्गाची भीती लवकर ओसरते. घरच्या सर्वांची, विशेषतः मुलांची, तपासणी करवावी.

साध्या क्षयाचे औषध सहा महिने चालते व सरकारी दवाखान्यात मोफत मिळते. पोषणासाठी उपचार चालू असेतो दरमहा १००० रुपये देण्याची निक्षय पोषण योजनाही आहे. दोन महिन्यांत खोकला थांबला म्हणून गोळ्या सोडू नयेत. अर्धवट सोडल्यास औषधास न जुमानणारा क्षय होण्याचे भय असते. ऊसतोडीस जाणाऱ्या कुटुंबांनी निघण्यापूर्वी दवाखान्यात कळवावे, म्हणजे नव्या ठिकाणी औषध चालू ठेवता येते.

५. निर्णय दुखणाइताचा.

मोठी शस्त्रक्रिया करावी की नाही, असा पेच पडला असता “करा” किंवा “करू नका” असे उपदेशकाने सांगू नये. तो धोका आपल्या जिवाचा नव्हे. दुखणाइतासह डॉक्टरांकडे जावे व विचारावे : केल्याने लाभ काय? धोका किती? न केल्यास काय होईल? मग त्यास शांतपणे विचार करू द्यावा. तो जे ठरवील त्यात त्याच्या पाठीशी उभे राहावे. आणि शेवट वाईट झाला तरी “आमचे ऐकले असते तर” हे शब्द त्या घरात उच्चारू नयेत.

बैठकीत विचारण्याचे प्रश्न

१. आपल्या मंडळीत भीतीमुळे कोणत्या दुखणाइताकडे जाणे टाळले जात आहे? ती भीती खरी की ऐकीव?
२. हमी न देता धीर कसा देता येईल?
३. ह्या आठवड्यात त्याच्या घरी कोण जाईल, आणि दवाखान्यात सोबत कोण करील? नावे ठरवूनच प्रार्थनेने सभा संपवावी.