जुना संगणक आणि मोठी हार्ड डिस्क : एका कान-नाक-घसा तज्ज्ञाचा अनुभव

संगणक हा माझा विषय नव्हे. इंदूरमध्ये मी कान-नाक-घशाचा व्यवसाय करतो, आणि स्मरणिकेसाठी लेख मागितला गेला तेव्हा कर्णशस्त्रक्रियेविषयी लिहावे असा मानस होता. परंतु गेल्या काही महिन्यांत आपल्याच तीन सभासदांनी मला एकच प्रश्न विचारला : "यंत्राचा संगणक जुना आहे, डिस्क भरली आहे, मोठी लावली तर चालेल ना?" या प्रश्नाचे अर्धवट उत्तर मी एकदा स्वीकारले होते. त्याची किंमत माझ्या एका रुग्णाने मोजली, म्हणून विषय बदलला.

आपल्या दवाखान्यांत जुने संगणक टिकून राहतात ते कंजूषपणामुळे नव्हे. लाखो रुपयांचे यंत्र उत्तम चालत असते, पण त्याचे कार्ड आणि सॉफ्टवेअर विंडोज ९८ किंवा एक्सपी यांखेरीज कशावरही चालत नाही. संगणक बदलता येत नाही. डिस्क मात्र भरते किंवा मरते, आणि बाजारात मिळते ती मोठीच.

२००५ साली माझ्या शस्त्रक्रियेच्या सूक्ष्मदर्शकाला जोडलेला संगणक विंडोज ९८ वर चालत असे. एका तासाच्या मुद्रणाला पावणेदोन गिगाबाइट जागा लागे. ४० गिगाबाइटची डिस्क पाहता पाहता भरली. मी १६० गिगाबाइटची आणवली. दुकानातल्या तरुणाने ती आपल्या नव्या संगणकावर एकसंध विभाग करून तयार केली आणि आमच्या संगणकात बसवून दिली. पडद्यावर १४९ गिगाबाइट दिसले. (उरलेले ११ कोणी खाल्ले नव्हते, डिस्क बनवणारे हजाराच्या पटीत मोजतात, संगणक १०२४ च्या.) सर्व काही ठीक आहे अशी माझी खात्री पटली.

सव्वा वर्ष काम सुरळीत चालले. मग २००६ च्या सप्टेंबरात एका सकाळी फोल्डरांच्या नावांच्या जागी विचित्र चिन्हे दिसू लागली आणि दुपारपर्यंत सारी डिस्क रिकामी असल्याचे संगणक सांगू लागला. डिस्क तपासून घेतली. ती पूर्णपणे निरोगी होती!

निदान पुढे एका अभियंता स्नेह्याने केले. डिस्कवरील माहिती ५१२ बाइटच्या कप्प्यांत ठेवलेली असते आणि प्रत्येक कप्प्याला क्रमांक असतो. जुन्या पद्धतीत हा क्रमांक लिहिण्यास २८ द्विमान अंकांचीच जागा होती. त्यातून २६,८४,३५,४५६ कप्पे मोजता येतात, म्हणजे १३७ गिगाबाइट. संगणकाच्या मोजणीने १२८. त्यापुढचा क्रमांक आला की वरचा अंक गळून पडतो.

आपल्या भाषेत सांगतो. वॉर्डातील कर्मचाऱ्याला तीन आकडीच क्रमांक कळतात असे समजा. रुग्णाला १००५ क्रमांकाच्या खाटेवर न्या म्हटले, तर तो त्याला निमूटपणे ००५ वर नेऊन झोपवतो. तिथे आधीच कोणी आहे याची त्याला फिकीर नसते. माझ्या संगणकाने हेच केले. डिस्क १२८ पर्यंत भरली आणि पुढील शस्त्रक्रियेचे मुद्रण पहिल्या कप्प्यांपासून पुन्हा लिहिले गेले. त्या पहिल्या कप्प्यांत तर कोणती फाइल कुठे आहे याची अनुक्रमणिका असते.

संगणकाच्या इतिहासात अशा भिंती पूर्वीही आल्या होत्या : ५२८ मेगाबाइटची, ८.४ गिगाबाइटची, ३२ गिगाबाइटची. त्या बहुधा लगेच जाणवत. जागा कमी दिसे किंवा संगणक सुरूच होत नसे. १३७ ची भिंत मात्र डिस्क भरेपर्यंत दिसत नाही. २००२ च्या सुमारास ४८ अंकी क्रमांकांची नवी पद्धत आली. एक्सपीला ती पहिल्या सर्व्हिस पॅकपासून मिळाली, विंडोज ९८ ला मायक्रोसॉफ्टने कधीच दिली नाही. १४९ हा आकडा विभागाच्या नोंदीतून वाचलेला होता. तिथवर पोहोचण्याची क्षमता त्या संगणकात नव्हतीच.

गेलेल्या मुद्रणांत एका निवृत्त शिक्षकांच्या स्वरयंत्राचे चित्रण होते. स्वरतंतूवर पांढरा चट्टा होता. त्यांनी तंबाखू सोडली होती आणि आम्ही दर काही महिन्यांनी तुलना करीत होतो. त्या महिन्यात ते आले तेव्हा तुलनेला माझ्या वहीतील पेन्सिलीचे रेखाचित्र तेवढे होते. रेखाचित्रात चट्ट्याची जागा कळते, जाडी कळत नाही. धोका पत्करणे शक्य नव्हते. अडुसष्टाव्या वर्षी त्यांना भूल देऊन तुकडा काढावा लागला. तो निर्दोष निघाला. चित्रण असते तर ते टळले असते की नाही, हे मी आजही सांगू शकत नाही. "डॉक्टरसाहेब, फळा पुसला गेला की पुन्हा लिहायचे," एवढेच गुरुजी म्हणाले. मला मात्र त्यांच्याकडे पाहवले नाही.

पुढची भिंत २.२ टेराबाइटची. विभागांची जुनी नोंदवही, म्हणजे एमबीआर, ३२ अंकीच आहे. आणि तिची जागा घेणारी जीपीटी पद्धत आपल्याकडे सर्वत्र असलेल्या ३२ बिटच्या एक्सपीला वाचता येत नाही. तीन टेराबाइटची डिस्क एक्सपीला लावली आणि ७४६ गिगाबाइट दिसले, तर ती ताबडतोब काढावी; तो आकडा म्हणजे ३ मधून २.२ वजा जाता उरलेली बाकी आहे. काही यूएसबी पेट्या ४०९६ बाइटचे कप्पे भासवून एक्सपीवरही मोठी डिस्क चालवतात. ते खरे, परंतु पेटी बिघडली आणि डिस्क काढून थेट संगणकाला जोडली की मोजमापच बदलते आणि ती कोरी वाटते. अशा वेळी "फॉरमॅट करू का?" या प्रश्नाला हो म्हणू नये.

माझ्याकडे श्रवणचाचणीचे एक यंत्र अजून एक्सपीवर आहे. त्याला मी इंटरनेट जोडत नाही. मूळ ८० गिगाबाइटच्या डिस्कची हुबेहूब प्रत ती चालू असतानाच करून ठेवली आहे. मेल्यावर प्रत निघत नाही. रोजच्या तपासण्या संध्याकाळी लहान पेन ड्राइव्हने नव्या संगणकावर जातात आणि तिथून दोन स्वतंत्र डिस्कांवर. दाखल रुग्णांच्या नोंदी तीन वर्षे जपाव्यात आणि मागितल्यास ७२ तासांत द्याव्यात असे २००२ चे आचारनियम सांगतात. मोठी डिस्क हवी ती त्यासाठी, आणि तिची जागा नव्या संगणकात.

तरीही जुन्यातच लावणे भाग असेल, तर १२० गिगाबाइटचा एकच विभाग करून बाकीची जागा मोकळी सोडावी. त्याहून मोठा विभाग ठेवायचाच असेल, तर रुग्णाची एकही फाइल ठेवण्यापूर्वी त्याच संगणकावर निरुपयोगी फायलींनी डिस्क काठोकाठ भरावी, संगणक बंद करून पुन्हा सुरू करावा आणि सर्वांत पहिली फाइल उघडून पाहावी. यात एक-दोन दिवस जातात. दुकानदार कुरकुर करतो. विचारणाऱ्या तिघांपैकी एकाने ही चाचणी केली. पहिली फाइल उघडली नाही, आणि डिस्क त्याच दिवशी परत गेली.