कपाशीच्या भावकीतली जास्वंद

वाशीमच्या काळ्या मातीत जास्वंद वाढवायची तर वावराकडे बघून शिकावं, असं माझं ठाम मत आहे. कपाशी, भेंडी, अंबाडी आणि जास्वंद एकाच कुळातल्या. त्यांची दुखणी एक, औषधंही बरीचशी एकच.

१. काळी माती पाणी धरून ठेवते. श्रावणझडीत मुळाशी पाणी साचलं की पानं गळायला लागतात. खड्ड्यात मुरूम आणि कुजलेलं शेणखत मिसळावं, रोप जरा उंचवट्यावर बसवावं. निम्मं काम तिथंच होतं.

२. पान पिवळं पण शिरा हिरव्या, असं दिसलं तर बहुधा लोह कमी पडतंय. चुनखडीच्या मातीत लोह असूनही मुळांना मिळत नाही, त्यात बोअरचं जड पाणी. मी शेणखत वाढवते आणि जमेल तेव्हा छतावरचं पावसाचं पाणी घालते. नवी पानं हिरवी आली की समजावं, लागू पडलं.

३. शेंडा खुडा. फूल नव्या फुटीवरच येतं. गणपतीत झाड भरलेलं हवं असेल तर छाटणी मृगाच्या आसपास उरकावी. छाटलेल्या फांद्या फेकू नका. लाल गावठी जास्वंदीची फांदी पावसाळ्यात रोवली की सहज धरते.

४. मिलीबग. २००६-०७च्या सुमारास देशभरातल्या कपाशीवर हा तुटून पडला, तेव्हा त्याची जास्वंदीवरची वस्तीही सगळ्यांच्या ध्यानात आली. कळीच्या देठाशी पांढरे पुंजके दिसण्याआधी खोडावर मुंग्यांची रांग लागते. त्या याचा गोड चिकटा खातात आणि त्याला राखतात, म्हणून आधी मुंग्या बघा. पाण्याचा जोरदार फवारा, मग ५ टक्के निंबोळी अर्क, आठवड्याने पुन्हा. फार लागण झालेले शेंडे उकिरड्यावर टाकू नका, जाळा. कुंपणालगतचं गाजरगवतही उपटा, मिलीबग त्यावरही जगतो. मात्र त्या पुंजक्यांत एखादी मोठी, झुबकेदार पांढरी अळी भराभर चालताना दिसली तर हात आवरा. ती ढालकिड्याच्या जातीतली, मिलीबग खाणारी. फवारणीची घाई तिथं नुकसानीची.

५. वैशाखात पारा चाळिशीपार गेला की कळ्या गळतात. बुंध्याशी सोयाबीनचं कुटार जाड अंथरावं, पाणी सकाळीच द्यावं.

६. बहुतेक जास्वंदींचं फूल एक दिवसाचं, तेव्हा पूजेसाठी तोडताना जीव खालीवर करू नये. पुरत्या वाढलेल्या कळ्या आदल्या संध्याकाळी तोडून ठेवल्या तरी सकाळी उमलतात, पाण्यात ठेवायचीही गरज नाही.