रक्ताची तपासणी

मुलांनो, हिंगोली जिल्ह्यात, वसमत तालुक्यात कुरुंदा नावाचे गाव आहे. जुलै २०२२ मध्ये तेथे खूप पाऊस झाला आणि गावात पुराचे पाणी शिरले. पूर ओसरतो, पण टायर, डबे, फुटके माठ यांत पाणी साचून राहते. अशा साचलेल्या पाण्यात एडिस जातीचे डास वाढतात. या डासाची मादी दिवसा चावते. तिच्यामुळे डेंग्यूचे विषाणू एका माणसाकडून दुसऱ्याकडे जातात.

समजा, तुम्ही या गावात राहता. तुमच्या धाकट्या भावाला ताप आला आहे. आज दुसरा दिवस आहे. अब्बा त्याला दवाखान्यात नेतात. तेथे रक्ताचा थेंब एका लहान पट्टीवर टाकतात. वीस मिनिटांत पट्टीवर एकच रेघ उमटते. ही रेघ फक्त एवढेच सांगते, की पट्टी नीट चालली. डेंग्यूची दुसरी रेघ आलीच नाही. अम्मी म्हणते, "अल्लाहचे आभार! आता काळजी नाही."

पण काळजी खरोखर मिटली का?

ही झटपट चाचणी आहे. ती सोपी आहे. तिला मोठे यंत्र लागत नाही. परंतु रक्तात विषाणूचा अंश कमी असेल, तर तो पट्टीला सापडत नाही. रेघ पुसट आली, तर पाहणाऱ्याची नजर चुकू शकते. पट्टी उष्ण व दमट जागी ठेवली, तर ती खराब होते. म्हणून रोग असूनही चाचणी 'नाही' म्हणू शकते. कधी कधी रोग नसतानाही ती 'आहे' म्हणते.

मोठ्या रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत 'एलायझा' नावाची तपासणी करतात. तिला काही तास लागतात. तेथे रुग्णाच्या रक्ताबरोबर आधीच माहीत असलेले नमुनेही तपासतात. एक नमुना रोगाचा असतो, दुसरा रोग नसलेला. त्यांचे उत्तर बरोबर आले, तरच रुग्णाचा निकाल मानतात. रंग किती गडद झाला, हे यंत्र मोजते. नजरेवर सोडत नाहीत. म्हणून सरकारी नोंदीत डेंग्यूची खात्री एलायझाने करतात. त्यासाठी लागणारे साहित्य पुण्याची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था तयार करते. ही संस्था १९५२ साली सुरू झाली.

तपासणीचा दिवसही महत्त्वाचा असतो. तापाच्या पहिल्या पाच दिवसांत रक्तात विषाणूचे एक प्रथिन सापडते. त्यानंतर शरीराने तयार केलेली प्रतिद्रव्ये शोधतात. चुकीच्या दिवशी चुकीची तपासणी केली, तर प्रयोगशाळाही फसते. म्हणून ताप कोणत्या दिवशी आला, हे डॉक्टरांना आठवून सांगा.

आता तुमच्या भावाकडे वळू. पट्टीने 'नाही' म्हटले, तरी त्याच्यावर लक्ष ठेवा. त्याला भरपूर पाणी द्या. डॉक्टरांना विचारल्याशिवाय कोणतीही गोळी देऊ नका. डेंग्यूत ताप उतरतो, तेव्हाच धोका वाढू शकतो. पोटात खूप दुखले, वारंवार उलट्या झाल्या, हिरड्यांतून रक्त आले किंवा मूल सुस्त पडले, तर लगेच रुग्णालयात न्या. अहवालाची वाट पाहू नका.

मुलांनो, झटपट चाचणी वाईट नाही. जेथे प्रयोगशाळा दूर असते, तेथे ती पहिली वाट दाखवते. पण तिचा शब्द हा शेवटचा शब्द नव्हे. पट्टीकडे जरूर पाहा. पण त्याहून अधिक आजारी माणसाकडे पाहा.

स्वाध्याय

१. पट्टीवरील एकच रेघ काय सांगते?
२. झटपट चाचणी का चुकू शकते? दोन कारणे लिहा.
३. प्रयोगशाळेत माहीत असलेले नमुने का तपासतात?
४. तुमच्या घराजवळ पाणी कोठे साचते, ते पाहा व पाच वाक्ये लिहा.