रिकाम्या कार्यालयातील वीज

सायंकाळी मोठ्या कार्यालयातील दिवे मालवले जातात, पंखे थांबतात. टेबलावरील संगणक मात्र पुष्कळदा चालूच राहतात. त्यांच्यासमोर कोणी नसते, तरी रात्रभर ते वीज घेतच असतात.

या अपव्ययाचे माप काढणे कठीण नाही. काम न करता चालू असलेला एक संगणक पडद्यासह ६० वॅट वीज घेतो, असे मानू. १४ तासांत तो ०.८४ युनिट वीज खर्च करील. हा आकडा क्षुल्लक वाटतो. परंतु एखाद्या विद्यापीठात असे १००० संगणक असतील, तर एका रात्रीत ८४० युनिट वीज वाया जाईल. शिवाय संगणकाने घेतलेल्या विजेची अखेर उष्णता होते. वातानुकूलित दालनातून ती बाहेर टाकण्यासाठी पुन्हा वीजच लागते.

असे का घडते? घरात वीज वापरणारा व तिचे बिल भरणारा एकच असतो. संस्थेत वापरणारा एक आणि बिल भरणारा दुसरा; त्यामुळे काटकसर ही कोणाचीच जबाबदारी राहत नाही.

काही गैरसमजही याला कारणीभूत आहेत. पडद्यावर हलणारी चित्रे दिसू लागली, की वीज वाचते असे अनेकांना वाटते. वास्तविक ही चित्रे जुन्या, काचनळीच्या पडद्यांवर कायमचे डाग पडू नयेत म्हणून योजलेली होती. संगणक पुन्हा सुरू करण्यास रात्रभराहून अधिक वीज लागते, ही समजूतही चुकीची आहे.

संगणकाला निद्रावस्थेत ठेवता येते. त्या अवस्थेत तो अगदी थोडी वीज घेतो आणि अर्धवट राहिलेले काम स्मृतीत जपतो. अमेरिकेने १९९२ साली ‘एनर्जी स्टार’ ही योजना सुरू केली, तेव्हा संगणक व त्यांचे पडदे यांनाच प्रथम ते चिन्ह मिळाले. भारतात २००१ साली ऊर्जा संवर्धन अधिनियम संमत झाला व २००२ साली ऊर्जा दक्षता ब्यूरोची स्थापना झाली.

मोठ्या संस्थेत केवळ भिंतीवरच्या सूचनेने भागत नाही. ठरावीक वेळ काम न झाल्यास प्रत्येक संगणक आपोआप निद्रावस्थेत जाईल, अशी योजना संगणक विभागाला एकाच ठिकाणाहून करता येते. रात्रीच्या दुरुस्तीपुरते योग्य सोय असलेले संगणक जाळ्यामार्फत जागेही करता येतात. व्यक्तीची सवय आणि संस्थेची व्यवस्था यांची जोड मिळाली, तरच हा अपव्यय थांबेल.

पाठावर आधारित प्रश्न
१. संस्थेत विजेची काटकसर कोणाचीच जबाबदारी का राहत नाही?
२. पडद्यावरील हलत्या चित्रांचा मूळ हेतू कोणता होता?
३. तुमच्या परिचयाच्या एका कार्यालयातील संगणक मोजून, एका रात्रीत वाया जाऊ शकणाऱ्या विजेचा अंदाज काढा.