इंधन घटातील पटलाचे आयुष्य

यंत्राची खरी किंमत केवळ खरेदीच्या पावतीवर ठरत नाही. ते किती काळ टिकते यावरही ती अवलंबून असते. हायड्रोजनपासून वीज देणाऱ्या इंधन घटांच्या बाबतीत या सूत्राचा प्रत्यय विशेषत्वाने येतो.

इंधन घटात ज्वलन होत नाही. हायड्रोजन व प्राणवायू यांच्या संयोगातून वीज मिळते आणि पाणी उरते. ब्रिटिश अभियंता फ्रान्सिस थॉमस बेकन यांनी १९५९ मध्ये पाच किलोवॅट क्षमतेचा अल्कधर्मी घट चालवून दाखविला. पुढे अपोलो यानांना अशाच घटांनी वीज पुरविली. त्यांत पोटॅशियम हायड्रॉक्साइड वापरले जाई. यानात शुद्ध प्राणवायू होता. पृथ्वीवर मात्र हवेतील कार्बन डायऑक्साइडमुळे त्यात कार्बोनेटचे क्षार साचत.

पटलाची निकड

यावर उपाय म्हणून द्रावणाच्या जागी बहुवारिकाचे, म्हणजेच पॉलिमरचे, पातळ पटल आले. आम्लधर्मी पटलाच्या घटाला महागडे प्लॅटिनम लागते. अल्कधर्मी घटात निकेलसारख्या स्वस्त धातूंना वाव मिळतो. बचतीचे मूळ येथेच आहे.

वाहकच भक्षक

या पटलातील बहुवारिकाच्या साखळीला धनभारित अमोनियम गट जोडलेले असतात. त्यांच्या आधारे ऋणभारित हायड्रॉक्साइड आयन पटल ओलांडतात. परंतु ज्याला वाहून न्यावयाचे, तोच आयन या गटांवर हल्ला करतो. कधी तो गटालगतच्या कार्बन अणूवर आघात करून बंध तोडतो, तर कधी शेजारचा हायड्रोजन हिरावून गटच विलग करतो. साखळीत ईथर बंध असल्यास तीही तुटते. परिणामी वहनक्षमता घटते आणि पटल ठिसूळ होते. उष्णता वाढली की ही झीज वेग घेते. पाणी कमी पडले तरी तेच घडते; कारण पाण्याच्या रेणूंनी वेढलेला हायड्रॉक्साइड तुलनेने सौम्य असतो.

संशोधनाची दिशा

यासाठी ईथर बंध टाळलेल्या साखळ्या आणि वलयाकार धनभारित गट यांवर संशोधन सुरू आहे. अमेरिकेतील डेलावेअर विद्यापीठाच्या यूशान यान यांच्या गटाने २०१९ मध्ये अशी पिपेरिडिनियमयुक्त पटले सादर केली. पटलाची कसोटी बहुधा ८० अंश सेल्सिअसच्या अल्कद्रावणात शेकडो तास बुडवून घेतली जाते. तथापि चालू घटात पटलाचा काही भाग कोरडा पडतो. म्हणून द्रावणात टिकलेले पटल घटातही टिकेलच, असे नाही.

भारताने जानेवारी २०२३ मध्ये १९,७४४ कोटी रुपयांच्या राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियानास मंजुरी दिली. पाण्यापासून हायड्रोजन मिळविणाऱ्या काही यंत्रांतही याच जातीची पटले असतात. अशा प्रकल्पाला अर्थसाह्य देताना कर्जफेडीची मुदत आणि पटलाचे आयुष्य शेजारी मांडून पाहणे अगत्याचे आहे. पटल मुदतीपूर्वीच झिजले, तर प्लॅटिनमवर वाचलेला पैसा पटल बदलण्यातच खर्ची पडेल.