दुर्बिणीच्या अलीकडे आणि पलीकडे

आमच्या खानदेशात ऊन तापलं की ओपीडीत मुतखड्याच्या पेशंटची रांग लागते. कळ थांबली की प्रत्येकाचा प्रश्न ठरलेला: "डॉक्टर, बिनटाक्याचं होईल ना?" बहुतेकांचं होतं. लघवीच्या मार्गातून दुर्बीण घालून, पाठीतून बारीक वाट करून किंवा पोटाला तीन-चार भोकं पाडून आम्ही खडे फोडतो, प्रोस्टेट कापतो, प्रसंगी अख्खी किडनी काढतो. एमबीबीएस, मग सर्जरीत एमएस, मग युरॉलॉजीत एमसीएच, असा लांबचा रस्ता चालताना वाटायचं की खरी कसोटी थिएटरमध्ये लागते. आता तसं वाटत नाही. छेद जसजसा लहान होत गेला, तसतसं सर्जनचं काम टेबलावरून सरकून ऑपरेशनच्या आधी आणि नंतर गेलं. या शाखेत नव्याने येणाऱ्यांसाठी त्यातून सुचलेले हे काही बोल.

१. वाट बारीक असली तरी किडनीतूनच जाते

पाठीतून खडा काढण्याची पीसीएनएल ही पद्धत फर्नस्ट्रॉम आणि योहान्सन या स्वीडिश डॉक्टरांनी १९७६ मध्ये मांडली. तेव्हापासून नळीची जाडी कमी होत आली आहे. नेहमीची ३० फ्रेंचची नळी म्हणजे १० मिलिमीटर जाडी. मिनी-पीसीएनएलमध्ये ती जवळपास निम्म्यावर येते. पण हृदयातून निघालेल्या रक्ताचा साधारण पाचवा हिस्सा दोन्ही किडन्यांतून फिरतो, त्यात काही फरक पडलेला नाही. उघड्या ऑपरेशनमध्ये रक्त आलं तर बोटाने दाबता येतं. इथे समोरचा पडदा लाल होतो आणि काही दिसेनासं होतं. म्हणून सुई कॅलिक्सच्या टोकातून, पॅपिलाच्या मधोमध शिरली पाहिजे. ती कॅलिक्सच्या मानेत घुसली तर मोठी रक्तवाहिनी फाटू शकते.

शिवाय ठणठणीत होऊन घरी गेलेल्या एखाद्या पेशंटला आठ-दहा दिवसांनी लघवीतून रक्ताच्या गुठळ्या पडू लागतात. डिस्चार्ज देताना ही शक्यता सांगून ठेवलेली असेल तर तो थेट आपल्याकडे येतो. नसेल तर गावातच गोळ्या खात बसतो आणि हिमोग्लोबिन उतरल्यावर पोचतो.

२. सीटी स्कॅन स्वतः बघा, रिपोर्टवर भागवू नका

रिपोर्टमध्ये खड्याचं माप आणि जागा असते. आपल्याला त्याहून बरंच काही हवं असतं. खडा किती टणक आहे, किडनी फिरलेली आहे का, मोठं आतडं तिच्या मागे येऊन बसलंय का, कुठल्या कॅलिक्समधून गेलं तर सरळ खड्यावर पोचू, हे सगळं आदल्या दिवशीच ठरतं. कधी ठरतं ते वेगळंच: ऑपरेशन नको. मूत्रवाहिनीतले ५ मिलिमीटरपर्यंतचे बहुतेक खडे आपणहून पडतात. ताप नसेल, कळ आटोक्यात असेल आणि किडनी नीट चालत असेल तर थांबणं हेच योग्य. "काहीच करायचं नाही, मग फी कशाची घेतली?" असं एका काकांनी मला तोंडावर विचारलं होतं. काही न करण्याचीच, असं म्हणालो. त्यांना पटलं नाही, पण खडा पडला.

३. सुईतून पू आला की थांबा

लघवीची कल्चर निर्दोष, ताप नाही, सगळी तयारी झालेली. आणि सुई किडनीत जाताच गढूळ लघवी येते. खड्यामागे अडकलेला जंतुसंसर्ग मूत्राशयातल्या लघवीत दरवेळी दिसतोच असं नाही. अशा वेळी खडा फोडत बसलं तर आत सोडलेल्या पाण्याच्या दाबाने जंतू रक्तात ढकलले जातात आणि संध्याकाळपर्यंत पेशंट व्हेंटिलेटरवर जाऊ शकतो. नळी ठेवा, पू वाहू द्या, त्याची कल्चर पाठवा आणि बाहेर या.

अवघड भाग त्यानंतरचा. बाहेर भाऊ, मेहुणे, सरपंच उभे असतात. "भूल दिली, पैसे भरले, अन् खडा आतच?" याचं उत्तर तयार नसलेला सर्जन मोह आवरू शकत नाही. म्हणून हे वाक्य मी आदल्या दिवशीच नातेवाइकांना सांगून ठेवतो: पू दिसला तर उद्या फक्त नळी घालीन, खडा नंतर काढू. मग थिएटरमध्ये थांबायला धीर लागत नाही.

४. हात पेटीवर बसवा, माणसावर नव्हे

लॅपरोस्कोपीत हात उजवीकडे नेला की अवजाराचं टोक डावीकडे जातं. डोळे सपाट पडद्याकडे असतात, खोलीचा अंदाज येत नाही. हे मेंदूला शिकवायला पेल्विक ट्रेनरची पेटी पुरते. पायलोप्लास्टीचे टाके शिकायला कोंबडीच्या गळ्यातली चाऱ्याची पिशवीही चालते. खाटकाकडे मागितली की मिळते. अमेरिकेत सेंट लुईसला राल्फ क्लेमन यांच्या चमूने जून १९९० मध्ये पहिल्यांदा लॅपरोस्कोपीने किडनी काढली, त्याला जवळपास सात तास लागले होते. आपल्याला आज कमी वेळ लागतो तो त्या साऱ्या पिढीने घासलेल्या तासांमुळे. नडियादच्या मूळजीभाई पटेल युरॉलॉजिकल हॉस्पिटलसारख्या संस्थांनी आपल्याकडच्या कित्येकांना याचं वळण लावलं. आपल्या विभागात एक पेटी कायम मांडलेली हवी. कपाटात कुलूपबंद असलेल्या पेटीवर कोणी सराव करत नाही.

५. उघडण्याची परवानगी आधीच घ्या

सुश्रुतसंहितेत अश्मरीच्या शस्त्रक्रियेआधी राजाची अनुज्ञा घ्यायला सांगितली आहे. न केल्यास मृत्यू निश्चित आणि केल्यास यश अनिश्चित, असं तिथलं कारण. आजचा राजा म्हणजे पेशंट. "गरज पडली तर पोट उघडीन" ही ओळ फॉर्मवर छापलेली असते. तेवढ्याने भागत नाही, ती त्याच्या डोळ्यांत बघून सांगावी लागते. आणि आपल्याला उघडता आलं पाहिजे. नव्या पिढीला उघडी ऑपरेशनं पाहायलाही क्वचित मिळतात. तेव्हा संधी मिळेल तिथे असिस्ट करा, अगदी हूक धरून उभं राहायला लागलं तरी.

६. आत ठेवलेल्या प्रत्येक स्टेंटचा हिशेब ठेवा

दोन्ही टोकांना वळलेला डीजे स्टेंट १९७८ पासून वापरात आहे. किडनीपासून मूत्राशयापर्यंत तो वाट मोकळी ठेवतो आणि बहुधा काही आठवड्यांत काढायचा असतो. पण कळ गेली की पेशंट ती नळी विसरतो. ऊसतोडीला जातो, सुरतेला कामाला जातो, मोबाइलचा नंबर बदलतो. वर्ष-दोन वर्षांनी येतो तेव्हा त्या नळीवरच खडे चढलेले असतात आणि एका छोट्या कामासाठी दोन-तीन ऑपरेशनं करावी लागतात.

यावर माझ्या माहितीत रजिस्टरइतकं गुणकारी काही नाही. स्टेंट घातल्याची तारीख, काढायची तारीख, दोन नातेवाइकांचे नंबर. डिस्चार्ज कार्डावर लाल शाईत, मराठीत: "आत नळी आहे, अमुक तारखेला काढायची." आणि हे पेशंटपेक्षा त्याच्या बायकोला किंवा आईला सांगायचं. दर सोमवारी आमच्या सिस्टर ते रजिस्टर घेऊन फोनवर बसतात. फॉलोअपच्या बाबतीत त्या अर्ध्या तासाइतकं मोलाचं माझ्या दवाखान्यात दुसरं काही नाही.

७. मशीनच्या हप्त्याला निर्णय घेऊ देऊ नका

फेब्रुवारी १९८० मध्ये म्युनिकला एका पेशंटचा खडा प्रथमच बाहेरून, शॉकवेव्हने फोडला गेला. ते यंत्र डॉर्निए या विमानं बनवणाऱ्या कंपनीचं होतं. पुढे होल्मियम लेझर आला, मग थुलियम फायबर, लवचीक दुर्बिणी, रोबो. प्रत्येकाने खरोखर काही दिलं. पण कर्ज काढून आणलेलं यंत्र दर महिन्याला पेशंट मागू लागतं. २०१६ मध्ये 'लॅन्सेट'ने ब्रिस्बेनची एक चाचणी छापली. प्रोस्टेटच्या कॅन्सरसाठी उघडं ऑपरेशन आणि रोबोने केलेलं ऑपरेशन यांची तुलना होती. १२ आठवड्यांनंतर लघवीवरचा ताबा आणि लैंगिक क्षमता या दोन्ही बाबतींत दोन गटांत लक्षणीय फरक दिसला नाही. रोबो वाईट असा त्याचा अर्थ नाही. कुठलं यंत्र यापेक्षा कुणाचा हात, हे अजूनही विचारावं लागतं, एवढाच.

८. लेड ॲप्रन सगळ्यांना

आपल्याला, भूलतज्ज्ञांना, सिस्टरांना आणि टेबल फिरवणाऱ्या मामांनाही. गळ्याला थायरॉइड गार्ड. सी-आर्मचं पेडल गरजेपुरतंच दाबा. सोनोग्राफीवर सुई घालायला शिका. क्ष-किरणही वाचतात आणि आतडंही दिसतं.

९. खडा काढला म्हणजे आजार गेला नाही

खडा होण्याची प्रवृत्ती शरीरात राहतेच. दिवसाला निदान अडीच लिटर लघवी व्हावी इतकं पाणी, मीठ कमी, मांसाहार बेताचा. दूध बंद करू नये. आहारातलं कॅल्शियम घटलं की आतड्यातून ऑक्झलेट जास्त शोषलं जातं. कुळथाचं कढण प्यायला माझी हरकत नसते, निदान पोटात पाणी जातं. पानफुटीच्या रसावर विसंबून कोणी महिनोन्महिने तुंबलेली किडनी घेऊन बसतं, त्याला हरकत असते. आणि "पाणी प्या" म्हणण्याआधी त्या माणसाचा दिवस विचारावा. एसटीचा ड्रायव्हर, वीटभट्टीवरचा मजूर, संडासाची सोय नसलेल्या शाळेतल्या बाई, हे पाणी पीत नाहीत याला कारण असतं. त्यांच्या दिवसात बसेल असा सल्ला द्यावा, तरच तो पाळला जातो.

फेलोशिपची जागा निवडताना मुलं मला विचारतात, तिथे केसेस किती मिळतील, रोबो आहे का. जरूर विचारावं. त्याच दमात हेही विचारा: आदल्या संध्याकाळी सीटी कोण दाखवतं, आणि स्टेंटचं रजिस्टर कोण भरतं. या दोन प्रश्नांची उत्तरं पटकन मिळाली, तर तिथे तुम्ही चांगलं ऑपरेशनही शिकाल.