पावसाळी रस्ता आणि दुचाकीस्वार

कांदिवलीच्या आकुर्ली मार्गावरून पश्चिम द्रुतगती महामार्गाकडे निघालेली दुचाकींची सकाळची रांग ही उपनगराच्या उद्योगी जीवनाची एक ठळक खूण होय. कार्यालये, कारखाने व दुकाने यांकडे जाणाऱ्या या नागरिकांना भर पावसातही घराबाहेर पडणे भाग असते. मुंबईत नैर्ऋत्य मोसमी पाऊस सर्वसाधारणपणे ११ जूनच्या सुमारास दाखल होतो आणि सप्टेंबरअखेरपर्यंत सांताक्रूझ येथे सरासरी दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. या काळातील प्रवास सुखरूप व्हावा, यासाठी ओल्या रस्त्याचा स्वभाव जाणून घेणे अगत्याचे आहे.

रस्ता निसरडा का होतो?

उन्हाळाभर रस्त्यावर धूळ, तेलाचे थेंब आणि टायरच्या रबराचे कण साचतात. पहिल्या सरींबरोबर त्यांचा बुळबुळीत लेप तयार होतो. म्हणून मुसळधार पावसापेक्षा पहिली रिमझिम अनेकदा अधिक फसवी ठरते. पुढे हा थर धुऊन निघाला, तरी रंगाचे पट्टे, गटारांची लोखंडी झाकणे आणि खोदकामावर अंथरलेले पोलादी पत्रे निसरडेच राहतात.

अंतराचा हिशेब

ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारी दुचाकी सेकंदाला सुमारे ११ मीटर अंतर कापते. अडथळा दिसून ब्रेक लागेपर्यंत एक सेकंद धरला, तर तेवढे अंतर आधीच सरते. त्यापुढे कोरड्या रस्त्यावर थांबण्यास साधारण ९ मीटर पुरतात. ओल्या रस्त्यावर सुमारे १६ मीटर लागतात. वेग ६० वर नेल्यास हेच अंतर सुमारे ३५ मीटर होते. वेग दीडपट, परंतु ब्रेकचे अंतर सव्वादोन पट! पावसात वेग कमी ठेवून पुढील वाहनापासून दूर राहण्याचे कारण या हिशेबातच आहे.

ब्रेक दोन्ही चाकांना एकाच वेळी, हळूहळू दाब वाढवीत लावावेत. वळणावर पोहोचण्यापूर्वीच वेग कमी करावा. एप्रिल २०१९ पासून १२५ सी.सी.पेक्षा मोठ्या नव्या दुचाकींना चाक जखडू न देणारी ब्रेकप्रणाली सक्तीची झाली आहे. तथापि ही प्रणाली तोल सावरण्यास साहाय्य करते. गुळगुळीत टायरला पकड देऊ शकत नाही. म्हणून टायरची नक्षी, हवा, ब्रेक व दिवे यांची तपासणी पावसाळ्यापूर्वीच करून घ्यावी.

पाण्याखालचा खड्डा

कांदिवलीच्या दक्षिणेस, जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्यावर २८ जुलै २०१५ रोजी पाण्याने भरलेल्या खड्ड्यात दुचाकी आदळून मागे बसलेल्या सोळा वर्षांच्या प्रकाश बिल्होरे याचा अंत झाला. त्याचे वडील, भाजीविक्रेते दादाराव बिल्होरे, यांनी त्यानंतर स्वतःच्या हातांनी शहरातील शेकडो खड्डे बुजविले. दुसऱ्या कोणाच्या घरी असा प्रसंग येऊ नये, हीच त्यामागील तळमळ.

या घटनेचा बोध स्पष्ट आहे. रस्त्यावरील प्रत्येक डबक्याखाली खड्डा आहे असे समजूनच वाहन चालवावे. डबके टाळण्यासाठी एकाएकी बाजूला वळू नये, कारण मागून बस वा ट्रक येत असतो. शिरस्त्राण चालकाप्रमाणेच मागे बसणाऱ्यासही मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ अन्वये बंधनकारक आहे. ते भारतीय मानक चिन्ह असलेले असावे आणि त्याचा पट्टा घट्ट बांधलेला असावा. सैल रेनकोटचे टोक वा ओढणी चाकात अडकू शकते. मागे बसून छत्री उघडल्यास वाऱ्याने तोल जातो.

थांबण्याचे शहाणपण

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्या दिवसाची आठवण उपनगरांत अद्याप ताजी आहे. पोईसर नदीचे पाणी चढू लागले किंवा मालाड वा अंधेरीचा भुयारी मार्ग तुंबला, तर त्यात दुचाकी घालण्याचे धाडस करू नये. वाहत्या पाण्यात चाक उचलले जाते आणि उघडे गटार दिसत नाही. पाऊस ओसरेपर्यंत सुरक्षित आडोशाला उभे राहावे. मात्र महामार्गावरील पुलाखाली वाहतुकीच्या मार्गिकेत थांबू नये.

कामावर अर्धा तास उशिरा पोहोचल्याने होणारी हानी भरून काढता येते. घरी वाट पाहणाऱ्यांची हानी मात्र कधीही भरून येत नाही. याचे भान प्रत्येक दुचाकीस्वाराने ठेवावे.